६० हजारांत स्मार्टबोर्ड की थ्रीडी प्रिंटर? आधी मल्टीमीटर घ्या

प्रश्न असा आहे: "आमच्या अनुदानित माध्यमिक शाळेला माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने ६० हजार रुपये दिलेत. विज्ञान-गणिताच्या शिक्षकांना वर्गात खरोखर उपयोगी पडेल असं काय घ्यावं? मुख्याध्यापक थ्रीडी प्रिंटर म्हणतात, संस्थाचालक स्मार्टबोर्ड म्हणतात. मेकर कोपरा, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवायची जागा, करायचा तर अवजारं कोणती?"

तुमचे मुख्याध्यापकही चुकतायत आणि संस्थाचालकही. धड म्हणावा असा मोठा इंटरॲक्टिव्ह पॅनेल, म्हणजे स्मार्टबोर्ड, ६० हजारांत सहज येत नाही. आलाच तर तो महागडा फळा असतो, त्यावर मास्तर लिहितो आणि पोरं बघतात. ते तर आपण खडूनेही करतोच. थ्रीडी प्रिंटर मात्र ६० हजारांत येतो, म्हणून त्याची भीती जास्त.

मी नाशिकच्या उत्तरेच्या वेशीवरच्या शाळेत विज्ञान शिकवते. अर्ध्या मुलांचे वडील सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्टला जातात, अर्ध्यांच्या घरी द्राक्षं नाहीतर टोमॅटो. हे सांगितलं कारण पुढे लागणार आहे.

खरेदीआधी एकच विचारा: ही वस्तू मुलाच्या हातून तुटली तर कुणाला जाब द्यावा लागेल? शाळेत नोकरी करणाऱ्याला डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, काय चीज आहे ते सांगायला नको. वस्तू एकदा त्यात चढली की ती तुटण्यापेक्षा कपाटात असलेली बरी, असंच सगळ्यांना वाटतं. तुटलेली वस्तू रजिस्टरातून काढायचे, निर्लेखनाचे कागद कोण रंगवणार? म्हणून जितकी महाग वस्तू, तितकं मोठं कुलूप.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी देणगीतून थ्रीडी प्रिंटर आला. विक्रेत्याच्या माणसाने येऊन सगळ्या स्टाफसमोर छोटा गणपती छापून दाखवला. टाळ्या झाल्या, पेढे झाले, फोटो ग्रुपवर गेला. मग प्रिंटर मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये प्लास्टिकच्या कव्हराखाली गेला आणि चावी त्यांच्या ड्रॉवरमध्ये. कुणी अधिकारी येणार असले की कव्हर निघायचं, आणखी एक गणपती छापला जायचा. पावसाळ्यात फिलामेंटचा, म्हणजे छापायच्या प्लास्टिकच्या तारेचा रोल पाकिटाबाहेर उघडाच राहिला. हे पीएलए प्लास्टिक हवेतला ओलावा शोषतं. मग छापताना नोझलमधून फटफट आवाज येतो, कोळिष्टकासारखे धागे सुटतात, आणि उरलेली तार बोटांनी वाकवली तरी कडकन तुटते. आमचं तेच झालं. विक्रेत्याचा फोन लागेना. यंत्रात काहीही बिघाड नव्हता, पण "प्रिंटर बिघडलाय" असं ठरलं आणि विषय मिटला.

समजा चावी माझ्याकडे असती, तरी हिशेब करून बघा. नोझलचं भोक ०.४ मिलिमीटरचं, एकेक थर साधारण ०.२ मिलिमीटरचा, म्हणून काम सावकाश. किल्लीला अडकवायचा साधा बिल्ला छापायला अर्धा तास धरा. वर्गात ६० मुलं. म्हणजे प्रत्येकाचा एक बिल्ला व्हायला यंत्र ३० तास चालायला हवं, आणि आपला तास ३५ मिनिटांचा. मध्ये लाइट गेली तर ती वेगळीच.

त्याच सुमाराला मी माझ्या पैशांनी एमजी रोडवरून चार-पाच डिजिटल मल्टीमीटर (व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजणारे मीटर) आणले, दोन-अडीचशे रुपयांना मिळतात ते पिवळे. नववीचा ओहमचा नियम शिकवायचा होता आणि प्रयोगशाळेतल्या ॲमीटरचे काटे कधीचेच अडकलेले. पहिल्या दिवशी पोरांनी काय केलं असेल? डायल मिलिअँपिअरवर ठेवून टोकं थेट सेलला लावली. फ्यूज उडाला. मागचे दोन स्क्रू काढले की आत काचेचा इवलासा फ्यूज असतो, काही रुपयांचा. तो ज्यांनी उडवला त्यांनीच बदलायचा, हा नियम तेव्हापासून आहे. फ्यूज म्हणजे काय, हे त्या बाकावर मला परत शिकवावं लागलं नाही.

त्यातला एक मुलगा, मागच्या बाकावरचा, वर्गात तोंड न उघडणारा. त्याने मीटर घरी न्यायला मागितला. मी दिला. दुसऱ्या दिवशी परिपाठाआधीच दारात उभा: "मॅडम, फवारणीच्या पंपाची बॅटरी रात्रभर चार्ज केली, तरी १०.५ दाखवते. बॅटरी तर १२ ची आहे." पाठीवरचा बॅटरीपंप, बारा व्होल्टची सीलबंद शिशाची बॅटरी. पंपाला प्रेशर येईना म्हणून दुकानदाराने वडिलांना मोटर, चार्जर आणि बॅटरी, तिन्ही बदला म्हणून सांगितलेलं. ऐन बागेच्या हंगामात.

मी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर फक्त तीन गोष्टी लिहिल्या. शिशाच्या बॅटरीचा एक घट सुमारे २.१ व्होल्टचा. १२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा घट एकसर. आणि त्याचं वाचन, १०.५. बाकी वर्गावर सोडलं. थोडा गोंधळ झाला, मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सहा घटांचे १२.६ व्हायला पाहिजेत, पाचांचे १०.५ होतात. म्हणजे एक मेला." एवढंच! घट एकसर जोडले की विभवांतराची बेरीज होते हे आठवीला येतं, सगळ्यांनी परीक्षेत लिहिलेलं असतं. पण बेरजेतून एक घट वजा होतो आणि त्यामुळे कुणाच्या तरी बापाचा पंप बंद पडतो, हे त्या दिवशी कळलं. त्याने चार्जरही मोजून आणला होता, तो ठीक होता. मोटर दुसऱ्या बॅटरीवर लावून बघ म्हटलं, तीही फिरली. वडिलांनी फक्त बॅटरी बदलली. त्यानंतर हा पोरगा वर्गात बोलायला लागला, इतका की कधीकधी गप्प बस म्हणावं लागायचं.

आणि मला केबिनमध्ये बोलावणं आलं. शाळेची वस्तू विद्यार्थ्याच्या घरी कशी गेली? मीटर माझे आहेत म्हटल्यावर मग दुसरा मुद्दा निघाला, तो जास्त लागला. "मॅडम, रिपेअरिंग हे आयटीआयचं काम. आपली मुलं स्कॉलरशिपला बसणारी. आपण विज्ञान शिकवायचं." समोर कव्हराखाली प्रिंटर होता. ते सर आता निवृत्त झालेत, हे वाचणार नाहीत, पण हेच बोलणारे अजून प्रत्येक स्टाफरूममध्ये निदान दोन जण आहेत. त्यांना माझं उत्तर असं: ज्या कारखान्यांच्या जिवावर हे शहर वाढलं तिथे सीएनसी यंत्रावर उभा राहणारा बाप मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो, आणि त्याच्या पोराला आपण बारीक मापाचा व्हर्नियर फक्त आकृतीत दाखवतो. यात कमीपणा कुणाचा?

"मेकर वगैरे परदेशी फॅड" असंही ऐकवतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी विज्ञान आश्रम १९८३ मध्ये सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, गावाचे प्रश्न सोडवत शिकायचं, हाच तिथला अभ्यासक्रम. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने आपल्याबाहेर पहिली फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवायची खुली कार्यशाळा, काढली ती २००२ मध्ये, याच पाबळला. नाशिकहून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे, शाळेची सहल एकदा तिकडे न्या. अरविंद गुप्तांची टाकाऊ वस्तूंतली विज्ञान-खेळणी तर सगळ्यांना माहीत आहेत, प्रशिक्षणात टाळ्या वाजवतात आणि वर्गात कुणी करत नाही.

असो. तुमचे ६० हजार.

मल्टीमीटर दहा-बारा, सुटे फ्यूज मूठभर. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी), जंपर वायर, एलईडी, २२० आणि ३३० ओहमचे रोध, एलडीआर (उजेडानुसार बदलणारा रोध), बझर, दोन पेन्सिल सेलचे होल्डर. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेऊ नका, मोटर लावली की लगेच बसते. पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न दोन-तीन, सोल्डर ओढायचा पंप, वायर स्ट्रिपर, नोज प्लायर, स्क्रू ड्रायव्हरचा सेट, दोन ग्लू गन, स्टीलची पट्टी, कटर, एक बरा व्हर्नियर. मोटरी विकत कशाला? भंगारवाल्यांकडून जुने डीव्हीडी प्लेअर आणा, मुलांना उघडायला द्या. आत मोटर, गिअर, लेन्स, स्प्रिंग सगळं असतं, आणि उघडण्यातच दोन तास सोन्यासारखे जातात. हे सगळं मिळून तुमचे निम्मे पैसेसुद्धा जात नाहीत.

वर्गासाठी सगळ्यात उपयोगाची वस्तू कोणती म्हणाल तर मोबाइल आडवा धरणारा वाकडामान स्टँड आणि तो टीव्हीला जोडायची केबल. बस. ६० मुलं टेबलाभोवती कोंबून जास्वंदाचं फूल चिरून दाखवण्यापेक्षा कॅमेऱ्याखाली चिरा, शेवटच्या बाकाला पुंकेसर दिसतो. स्मार्टबोर्डाचं जे खरं काम, ते एवढ्यात होतं. तुमच्याकडे जुना टीव्ही पडून असणारच, बहुतेक शाळांत असतो.

फोन आहेच तर फायफॉक्स टाकून घ्या, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत ॲप आहे. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे. दोन फोन व्हरांड्यात पाच मीटरवर ठेवायचे. एकाजवळ टाळी वाजली की दोन्ही सुरू होतात, दुसऱ्याजवळ वाजली की दोन्ही थांबतात. दोन्ही वेळांतला फरक सेकंदाच्या शंभराव्या भागात येतो, ०.०२९ च्या आसपास. पाच मीटरचा उशीर यात दोनदा येतो, म्हणून दहा मीटरला त्याने भागा, ध्वनीचा वेग ३४५ च्या जवळ निघतो. शेजारच्या वर्गाला मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांचा गोंगाट स्टॉपवॉच थांबवतो. गणितवाल्यांना आकृत्या-आलेखांचं मोफत सॉफ्टवेअर जिओजेब्रा पुरे, त्यांना पैसे लागत नाहीत.

प्रोग्रॅमिंगचे बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम टाकून चालवायची छोटी सर्किटं: सातवी-आठवीला मायक्रोबिट, नववीनंतर आर्डुइनो. मायक्रोबिटवर २५ एलईडी, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर आधीच बसवलेला असतो. संगणकाला तो पेनड्राइव्हसारखा दिसतो, फाइल ओढून टाकली की चालतो. आर्डुइनो उनोचे स्वस्तातले बोर्ड जुन्या संगणकांवर ड्रायव्हर मागतात आणि पहिला तास त्यातच जातो, तो घरी उरकून या. बोर्ड चार-पाचच घ्या. आणि कृपा करून विज्ञान प्रदर्शनासाठी स्मार्ट डस्टबिन करू नका. दर तालुक्यात दरवर्षी ते झाकण उघडणारे डबे येतात, किटमधलं वायरिंग जसंच्या तसं. आमच्या एका गटाने बागेतली आर्द्रता मोजायला डीएचटी ११ सेन्सर लावला, तो त्यापेक्षा बरा प्रकल्प होता. तरी त्याच्या आकड्यात पाच टक्के इकडेतिकडे होतात, त्यावर द्राक्षावरच्या डावणी रोगाची फवारणी ठरवायची नसते, हे मुलांनी फलकावर ठळक लिहिलं. परीक्षकांना ते आवडलं नाही, मला आवडलं.

थोडी खबरदारी राहिली. घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये मुलांनी मीटर घालायचा नाही, हे स्वस्त मीटर त्यासाठी नाहीत, आणि त्यातल्या दहा अँपिअरच्या सॉकेटला बहुतेकदा फ्यूजच नसतो. सोल्डरच्या धुरासाठी खिडकी उघडी, आणि नेहमीच्या सोल्डरमध्ये ४० टक्के शिसं असतं, म्हणून डब्याआधी साबणाने हात. मोबाइल-पॉवरबँकेचे फुगलेले सेल उघडायचे नाहीत, भंगारातून आले तर परत पाठवा. आणि प्रिंटर वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. दहा-बारा मुलांचा शाळेनंतरचा क्लब असेल, एखादा शिक्षक त्यात रमणारा असेल, टिंकरकॅड या सॉफ्टवेअरवर मुलं स्वतः थ्रीडी आकृती काढत असतील, तर मायक्रोस्कोपची तुटलेली घुंडी छापण्यात जी मजा आहे ती कशातच नाही. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी अर्ज करायचा विचार असेल तर प्रिंटर त्यातूनच घ्या. २०१६ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत उभारणीला दहा लाख आणि पुढच्या खर्चाला दहा लाखांपर्यंत मिळायचे, पण १५०० चौरस फूट जागा लागायची. आता अटी काय आहेत आणि तेवढी जागा आहे का, आधी बघा.

खरेदीला जाल तेव्हा क्लार्कना सोबत घ्या आणि दोन बिलं वेगवेगळी करा. स्टँड, सोल्डरिंग आयर्न, व्हर्नियर, बोर्ड एकावर. वायरी, एलईडी, फ्यूज, सेल, सोल्डर दुसऱ्यावर, आणि त्याच्या डोक्यावर कन्झ्युमेबल, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तू, असं स्पष्ट लिहून घ्या. मल्टीमीटरही या दुसऱ्याच बिलावर टाका, क्लार्क हुज्जत घालतील, तिथे हटू नका. सगळं एकाच बिलावर आणलंत तर शंभर रुपयांच्या जंपर वायरीही रजिस्टरला चढतात, मी बघितलंय.