सिगरेटवरून पाइपवर जाण्याआधी

प्रिय,

पाइपचा धूर आत ओढायचा नसतो, तेव्हा सिगरेट सोडून पाइप धरला की फुप्फुसं वाचली, असा तुझा हिशेब आहे. तो अर्धाच खरा आहे.

सिगरेटचा धूर आम्लधर्मी असतो. त्यातलं निकोटिन तोंडातून रक्तात फारसं उतरत नाही, म्हणून झुरका छातीत न्यावा लागतो. पाइपचा धूर त्यामानाने अल्कधर्मी असल्याने नुसता तोंडात घोळवला तरी तलफ भागते. छातीवरचा मारा कमी होतो खरा, पण धूर तोंडात रेंगाळतो, आणि त्यातली घातक द्रव्यं लाळेबरोबर घशात, अन्ननलिकेत उतरतात. शिवाय पाइपच्या एका वाटीत १ ते ३ ग्रॅम तंबाखू बसते. सिगरेटीत १ ग्रॅमही नसते.

अमेरिकेतल्या १,३८,३०७ पुरुषांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. कधीच तंबाखू न वापरलेल्यांच्या तुलनेत, फक्त पाइप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका ५ पट आढळला. सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांत तो २० पटींच्याही वर जातो, म्हणजे इथे फरक मोठा आहे. पण स्वरयंत्राच्या कर्करोगात पाइपवाल्यांचा आकडा १३ पट, जवळजवळ सिगरेटइतकाच. तोंड-घशाचा सुमारे ४ पट, अन्ननलिकेचा अडीच पट.

आणि हे आकडे फक्त पाइपच ओढणाऱ्यांचे आहेत. तुला ते लागू होत नाहीत. सिगरेटची सवय असलेल्याच्या हातात पाइप आला की धूर आपसूक आत जातो, आणि हा धूर जास्त तिखट. म्हणूनच सिगरेटवरून पाइपवर आलेल्यांचा धोका मुळात पाइपच ओढणाऱ्यांपेक्षा जास्त निघतो. फिल्टरवर भिस्त ठेवू नकोस. कोळशाचा फिल्टर ओलावा आणि थोडं डांबर अडवतो. कार्बन मोनॉक्साइड त्यातून आरपार जातो.

आजवर ओढलंच आहेस, तर महिन्यातून एकदा आरशासमोर चांगल्या उजेडात तोंड तपास. ओठांची आतली बाजू, गाल, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग आणि टाळू. पाइपवाल्यांची टाळू उष्णतेने पांढुरकी पडते आणि तीवर लाल ठिपके उठतात. ओढणं थांबलं की हे बहुतेक वेळा काही आठवड्यांत निवळतं. खरी काळजी करायची ती जिभेच्या कडेवर किंवा जिभेखाली दिसणाऱ्या, पुसून न जाणाऱ्या पांढऱ्या किंवा लाल चट्ट्याची. तो दुखत नाही म्हणून लोक थांबतात. चट्टा किंवा फोड २ आठवड्यांत गेला नाही तर दंतवैद्याला दाखव. तंबाखूच्या जोडीला दारू असेल तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका आणखी बराच वाढतो.

मला विचारशील तर पाइप घेऊच नकोस, थेट निकोटिनच्या च्युइंगमवर ये. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमची च्युइंगम, नाहीतर २ ची. ती नेहमीच्या च्युइंगमसारखी चघळत राहिलास तर निकोटिन पोटात जातं, उचकी आणि मळमळ होते, आणि लोक 'उपयोग नाही' म्हणून ती टाकतात. झिणझिण्या येईपर्यंत हळू चाव, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेव. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चाव. असं अर्धा तास. पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक. कॉफी, फळांचा रस, सोडा यांनी तोंड आम्लधर्मी होतं आणि निकोटिन शोषलं जात नाही, म्हणून च्युइंगमआधी १५ मिनिटं आणि ती तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको.