पहिल्या संघाच्या उंबरठ्यावर

फुटबॉल क्लबच्या पहिल्या, म्हणजे मुख्य संघात जागा मिळवताना तुझा बिनधास्त, बोलका स्वभाव दाबून टाकू नकोस. मात्र ड्रेसिंग रूममध्ये सर्वांना हसवणारा खेळाडू चेंडू गमावल्यावर लगेच मागे धावतो का, हे प्रशिक्षक आधी पाहतात. गोल साजरा करण्याच्या तऱ्हा नंतर ठरवता येतील. नवोदितांची नेहमीची चूक म्हणजे राखीव बाकावर तोंड पाडून बसणे, आणि त्याहून वाईट म्हणजे ती नाराजी समाजमाध्यमांवर मांडणे. बहुतेक मोठ्या स्पर्धांत आता पाच बदली खेळाडू उतरवता येत असल्याने शेवटची वीस मिनिटेही खरी संधी असते. तेव्हा प्रतिस्पर्धी बचावपटू कोणत्या बाजूला वळताना अडखळतो, हे बाकावरूनच टिपून ठेव. लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरते, दुसऱ्या क्लबकडे जाण्यात कमीपणा नाही. इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केनही २०११ मध्ये टॉटनहॅम क्लबकडून लेटन ओरिएंट क्लबकडे असाच गेला होता. ‘मला का खेळवत नाही?’ यापेक्षा ‘आधी काय सुधारू?’ असे प्रशिक्षकांना एकांतात विचार.