नावाजलेल्या प्रकाशकांच्या पुस्तकांतही इतक्या चुका का असतात? प्रुफं कुणी वाचतच नाही का?

तुम्ही लिहिलंय, की एका नावाजलेल्या प्रकाशनाची कादंबरी हौसेने विकत घेतली आणि पहिल्या पन्नास पानांतच ‘शेतकर्यांना’, ‘महत्व’, ‘आजोबाचा’, ‘पाहटे’ असे शब्द दिसले. छापण्याआधी हे कुणी वाचत नाही का, आणि असं पुस्तक सहावीतल्या मुलीच्या हातात द्यावं का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी २१ वर्षं पुण्यात मुद्रितशोधन करते, म्हणजे पुस्तकांची प्रुफं, छपाईआधी तपासायला काढलेली पानं, वाचते. त्यामुळे प्रश्न मनाला लागला, आणि उत्तर जरा लांबणार आहे.

वाचतात. बहुतेक पुस्तकांचं निदान एक प्रूफ तरी कुणीतरी वाचलेलं असतं. पण तुम्ही दिलेले चार शब्द चार वेगवेगळ्या ठिकाणी बिघडलेले आहेत, आणि त्यातला एकच अज्ञानातून आलेला आहे.

तो म्हणजे ‘महत्व’. महत् अधिक त्व, म्हणून महत्त्व. तसंच तत्त्व, सत्त्व, व्यक्तिमत्त्व. नेतृत्व आणि अस्तित्व यांत मात्र त एकच. कोट्यवधीचं कोट्यावधी, दुरवस्थेचं दुरावस्था, उज्ज्वलचं उज्वल, तज्ज्ञाचं तज्ञ, स्रोताचं स्त्रोत ही त्याच घरातली मंडळी. लेखकाला ठाऊक नसतं, अक्षरजुळणी करणाऱ्याला नसतं, आणि प्रूफ वाचणाऱ्यालाही ठाऊक नसेल तर शब्द तसाच छापला जातो. यावर उपाय सोपा आहे. अरुण फडके यांचा मराठी लेखन-कोश टेबलावर असावा आणि शंका आली की उघडावा. शंका येणं महत्त्वाचं. ज्याला शंकाच येत नाही, त्याच्या हाती प्रूफ देऊ नये.

‘पाहटे’ची गोष्ट वेगळी आहे. तिथे कुणीतरी मजकूर शुद्ध करायला गेलं आणि त्यातून ही चूक जन्मली. लेखकाने सगळीकडे ‘पहाणे’, ‘रहाणे’ लिहिलं असणार. नियमाप्रमाणे पाहणे, राहणे हवं. शेवटच्या घाईत कुणीतरी संगणकाला सांगितलं, की ‘पहा’ दिसेल तिथे ‘पाह’ कर आणि ‘रहा’ दिसेल तिथे ‘राह’ कर. संगणकाला अक्षरं कळतात, शब्द कळत नाहीत. ‘पहाट’मध्येही ‘पहा’ आहे, ‘उपहास’मध्येही आहे, आणि ‘विरहात’, ‘प्रहार’ यांत ‘रहा’ आहे. असं एक पुस्तक दुसऱ्या आवृत्तीसाठी माझ्याकडे आलं होतं. नायिका ‘पाहटे’ उठत होती, ‘विराहत’ झुरत होती, गावकरी तिचा ‘उपाहस’ करत होते. लेखकाने चार वर्षं खपून लिहिलेली कादंबरी होती ती. पहिली आवृत्ती संपेपर्यंत एकाही वाचकाने त्यांना हे कळवलं नव्हतं. प्रूफ वाचून झाल्यावर फाइलमध्ये असा सरसकट बदल केला, तर पुस्तक पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावं लागतं. ते वाचलं गेलं नव्हतं, एवढंच.

आता ‘शेतकर्यांना’. तुमच्या पुस्तकाची ही नवी आवृत्ती असेल तर कारण बहुधा फॉन्टचं आहे. युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणारी अक्षरांची एकच व्यवस्था, सर्रास वापरात येण्याआधी मराठी पुस्तकं श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत जुळवली जायची. त्या फायली आज युनिकोडमध्ये आणताना परिवर्तक, म्हणजे एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्यात नेणारी प्रणाली, वापरतात, आणि तिथे अक्षरं सांडतात. जुन्या फॉन्टांत ह्रस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी यायची. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर साठवली जाते. मध्ये जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रफाराचंही तेच. मराठीत र् चे दोन अवतार आहेत, ‘दर्या’तला डोक्यावरचा आणि ‘दऱ्या’तला आडवा. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करायचा असतो आणि आचाऱ्यांना जेवणाचं सांगायचं असतं. मराठीची ही खास जागा, आणि परिवर्तकाने दोन्ही र् एकसारखे केले की दोनशे पानांत शेतकरी, कामकरी, वारकरी सगळेच बिघडतात. ही चूक एका बैठकीत शोधून काढता येते, फक्त ती होते हे ठाऊक असलेला माणूस तिथे बसलेला हवा.

चौथा शब्द ‘आजोबाचा’. माझ्या लेखी या चारांतली सगळ्यांत वाईट चूक ही. आपल्या भाषेत आदर त्या एका टिंबात असतो. आजोबांचा, वडिलांना, सरांनी. टिंब गेलं की माणूस अरेतुरेवर येतो. खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून केलेल्या, छपाईत अनुस्वार आणि मात्रा छपाई चालू असतानाच तुटून पडायच्या, त्याला प्रूफ वाचणारा काय करणार? आता तुटायला काही नाही, तरी टिंबं जातात.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका घराने वडिलांच्या पहिल्या वर्षश्राद्धासाठी स्मृतिग्रंथ काढला. आतली पानं मी तीनदा वाचली होती. मलपृष्ठाचा मजकूर मात्र शेवटच्या दोन दिवसांत लिहिला गेला आणि माझ्याकडे न येता थेट मुखपृष्ठकाराकडे गेला. समारंभात थोरल्या मुलीने पुस्तक हातात घेतलं, पालथं केलं, आणि पहिल्याच ओळीवर तिचं बोट थांबलं. ‘वडिलाच्या आठवणी.’ ती काही बोलली नाही. बोट तेवढं त्या शब्दावर दोनदा फिरवलं. त्या दिवसापासून माझा नेम आहे, की मुखपृष्ठ, मलपृष्ठ, अर्पणपत्रिका आणि प्रकरणांची शीर्षकं समोर आल्याशिवाय मी पुस्तक वाचून झालं असं सांगत नाही. सगळ्यांत मोठ्या अक्षरांतल्या चुका सगळ्यांत जास्त निसटतात. डोळा मोठं अक्षर वाचत नाही, ओळखतो.

मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते गृहस्थ खिळ्यांच्या छापखान्यातून आलेले. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर ओळीखाली पट्टी धरून ऐकायचं, अशी त्यांची पद्धत. स्वल्पविरामसुद्धा तोंडाने उच्चारायचे. पहिलं प्रूफ, दुसरं, तिसरं, आणि प्रत्येक वेळी आधीच्या दुरुस्त्या नीट लागल्या का ते ताडून पाहणं. हे शेवटचं काम कंटाळवाणं आहे, आणि आज बहुतेक ठिकाणी तेच गळून पडलं आहे. मी प्रुफावर लाल शाईने खुणा करते. ऑपरेटर, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करणारा, त्या दुरुस्त्या फाइलमध्ये लावतो. लावताना एक शब्द दुरुस्त होतो आणि शेजारचा बिघडतो, किंवा एक पूर्ण ओळ दोनदा येते. ते पान परत माझ्याकडे येत नाही. त्यात लेखक आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर ‘हा परिच्छेद बदला’ म्हणून फोटो पाठवतात. तो परिच्छेद कुणीच वाचलेला नसतो.

पैशाचं बोलायलाच हवं. पूर्वी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघायची, आता कित्येकदा पाचशेच्या आत. एवढ्या प्रतींवर तीन प्रुफांचा खर्च काढणं प्रकाशकाला जड जातं, हे मला मान्य आहे. पण कागदाचा आणि मुखपृष्ठाचा खर्च कुणी कापत नाही. कापला जातो तो प्रूफ वाचणाऱ्याचा. शिवाय प्रकाशन समारंभाची तारीख आधी ठरते, सभागृह घेतलं जातं, पाहुण्यांना निमंत्रणं जातात, आणि पुस्तक अजून दुसऱ्या प्रुफावर असतं. संमेलनाच्या आधीचा महिना तर विचारू नका.

हे आपल्याकडे कधीच जमलं नाही असं मात्र नाही. जावजी दादाजींच्या मुंबईतल्या निर्णयसागर छापखान्याची संस्कृत पुस्तकं त्यांच्या निर्दोषपणासाठी देशभर नावाजली गेली. टाइप सुंदर होता हे खरंच, पण काशीनाथ पांडुरंग परब, वासुदेवशास्त्री पणशीकर यांच्यासारखे पंडित तिथे ग्रंथ तपासून, शुद्ध करून छापायला देत होते. विद्वान माणूस प्रुफाला बसवायचा आणि त्याला वेळ द्यायचा, यातच सगळं आलं.

आज लोक म्हणतात, संगणकावर तपासून घ्या. घेतोच. पण मराठी शब्दाला प्रत्यय इतके लागतात की ‘फुलांपाशीसुद्धा’ हा बिनचूक शब्द तो चूक म्हणून दाखवतो, आणि ‘जागतिक महिला दीन’ बिनदिक्कत सोडून देतो, कारण दिन आणि दीन दोन्ही शब्द खरे आहेत. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, यांतला कुठला हवा ते अख्खं वाक्य वाचणाऱ्या माणसालाच कळणार.

व्याकरणाबद्दल तुम्ही थोडंच लिहिलंय, पण मला वेलांट्या-उकारांपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते. अनुवादित पुस्तकांत हे सर्रास दिसतं: ‘सुधीरने खिडकी बंद केली, त्याच्या बायकोला फोन लावला आणि त्याच्या गाडीत जाऊन बसला.’ यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पण मराठी माणसाला पहिला प्रश्न पडतो, कुणाच्या बायकोला? ‘त्याच्या’ म्हटलं की आपण दुसऱ्या कुणाला तरी शोधू लागतो, कारण स्वतःच्या माणसासाठी आपल्याकडे ‘आपला’ आहे, आणि बहुतेक वेळा तोही लागत नाही. ‘सुधीरने खिडकी बंद केली, बायकोला फोन लावला आणि गाडीत जाऊन बसला.’ झालं. इंग्रजीला तिथे दरवेळी सर्वनाम लागतं, आपल्याला लागत नाही. अशा वाक्यांवर मी खूण केली तर पुष्कळदा उत्तर येतं, की तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा. संपादक नावाचा माणूस मधून नाहीसा झाल्यावर हे कुणी बघायचं?

उलट बाजूही सांगते, कारण चुका मोजताना वाचकांकडून अन्याय होतो. जुन्या पुस्तकात ‘कांहीं’, ‘नांव’, ‘पांच’ दिसलं तर ती चूक नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ साली आणखी ४ जोडले गेले, आणि तेव्हा हे अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या लेखकाने ते दिले नसते तर त्याला चूक म्हटलं असतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य आणि केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळाप्रमाणेच छापावं, असं या नियमांतच सांगितलं आहे.

बोलीचंही तसंच. काम नवीन असताना सातारा जिल्ह्यातल्या एका लेखकाच्या कथासंग्रहात मी ‘पानी न्हाई’चं ‘पाणी नाही’ केलं, ‘व्हतं’चं ‘होतं’ केलं, अशी चाळीसेक पानं. ते स्वतः प्रुफं घेऊन आले. रागावले नाहीत. माझ्यासमोर बसून एका म्हातारीचा संवाद आधी माझ्या दुरुस्तीप्रमाणे आणि मग स्वतःच्या लेखनाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या वाचनात म्हातारी पुण्याची झाली होती. मी सगळी पानं पुन्हा मुळाप्रमाणे केली. बोलीला बोलीचं शुद्धलेखन असतं, आणि ते त्या लेखकाला विचारूनच ठरतं.

तुमच्या मुलीला पुस्तक जरूर द्या. चुकांच्या भीतीने मराठी पुस्तक हातातून काढून घेतलंत तर नुकसान मोठं होईल. एक पेन्सिल द्या आणि सांगा, शंका येईल त्या शब्दाखाली बारीक रेघ ओढ. संध्याकाळी दोघांनी कोश उघडा. तिने अधोरेखित केलेल्यांपैकी काही शब्द बरोबर निघतील, तेही तिला कळू द्या.

ती यादी प्रकाशकाला पाठवा. पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पान, वरून कितवी ओळ, छापलेला शब्द आणि हवा असलेला शब्द, एवढं पुरे. रागाचं पत्र बाजूला पडतं, पानं-ओळी दिलेलं पत्र कामाला येतं. बऱ्याच प्रकाशकांकडे प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कार्यालयात वेगळी ठेवलेली असते, आणि पुढच्या आवृत्तीच्या दुरुस्त्या तिच्यातच नोंदवतात. सांगलीचे एक निवृत्त शिक्षक आम्हाला अशी पोस्टकार्डं पाठवायचे. एकदा अकरा चुका कळवल्या होत्या. त्यातल्या दोन बोलीतल्या होत्या, तसं मी त्यांना कळवलं. उरलेल्या नऊ त्या प्रतीत नोंदवल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत लागल्या. लागल्या का ते मी स्वतः ताडून पाहिलं होतं.