निरोप राहून गेला, आता काय करू?

प्रश्न : कोरोनाच्या साथीत नऊ दिवसांच्या अंतराने आई आणि बाबा दोघंही गेले. शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. इतकी वर्षं झाली, तरी आजार माझ्यामुळेच घरात आला असं वाटत राहतं. भाऊ तर विषयही काढू देत नाही. काय करू?

उत्तर : आधी लागणीचं बोलू, कारण खरा सल तोच आहे. कोरोनात लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागू शकतात. लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणसाकडून इतरांना लागण होते. काहींना तर लक्षणं येतच नाहीत. म्हणून घरात जो पहिला आजारी पडला त्यानेच आजार आणला, असं ठरवता येत नाही.

हे नुसतं वाचून पटणार नाही. कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे त्या त्या तारखेला तुम्हाला काय माहीत होतं ते, उजवीकडे नंतर कळलं ते. ‘त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं होतं’ हे बहुतेकदा उजवीकडे जातं; डावीकडे ‘अंगात कणकण, खोकला नाही’ एवढंच उरतं. एकट्याने मात्र लिहायला बसू नका. जवळचं कुणी सोबत नसेल, तर मन पुन्हा स्वतःलाच दोषी धरतं.

तोंड पाहिलेलं नसलं की गेल्याचं मनाला पटत नाही. फोन वाजल्यावर त्यांचाच असेल असं वाटणं, हे वेड नव्हे. निरोप अजूनही देता येतो, पण दोघांचा एकत्र नको. पहिल्याचं रडू पुरतं येण्याआधीच दुसरं माणूस गेलं, की पहिल्याचं दुःख तसंच राहून जातं. आईला वेगळं पत्र, बाबांना वेगळं, मध्ये काही दिवस जाऊ द्या. राग आला होता तोही लिहा आणि मोठ्याने वाचा. त्यांचे आवाज फोनमध्ये असतील, तर आजच दुसरीकडे उतरवून ठेवा.

भावाला ‘बोल’ म्हणून मागे लागू नका. काही माणसं कामात राहूनच दुःख सोसतात. जुने फोटो लावायला त्याला सोबत घ्या; हात कामात असले की बोलणं आपसूक निघतं.

वर्ष उलटूनही जवळजवळ रोज तीच ओढ लागत असेल आणि कामधाम, नातीगोती अडली असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. अशा लांबलेल्या शोकाला २०२२ पासून निदानाच्या नियमावल्यांत स्वतंत्र स्थान आहे आणि त्यासाठी खास समुपदेशनही असतं. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. जीव द्यावा असं वाटलं, तर त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा.