सवणं ठेवा, माळवद उतरवा

प्रश्न : औसा तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं पाच खणांचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आहे. भिंती पावणेतीन फूट जाड. आता शेतात नवं घर बांधायचंय. पुण्याला शिकणारी मुलगी म्हणते, दगडमातीचंच बांधू, हल्ली शहरातली माणसं मुद्दाम तसली घरं बांधून घेतात. वडील म्हणतात, त्र्याण्णव साल बघितलेल्या माणसाला हे शिकवू नका. कुणाचं ऐकू?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : आधी वडिलांचं ऐका, मग मुलीचं.

माळवदावर मिरगाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर चढायचा. जुना कुणी काढत नसे. होता होता तो दीड-दोन फूट व्हायचा. दोन फूट माती म्हणजे चौरस फुटाला नव्वद किलोच्या आसपास ओझं. तुमची पावणेतीन फुटी भिंतही बहुधा एक नाही. आत एक, बाहेर एक, आणि मध्ये गोटे नि चिखल. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी भागात अशाच भिंतींची दोन्ही तोंडं सुटली. खणाचा लाकडी सांगाडा काही ठिकाणी उभा राहिला, पण भिंती माणसांच्या अंगावर आल्या.

म्हणून दगड वापरा, चिखल नको. सिमेंटच्या मालात, दीड फुटापेक्षा जाड नाही. दर दोन फूट उंचीला आणि चार फुटांच्या आत एक लांब दगड भिंतीच्या आरपार गेलाच पाहिजे. गवंडी ‘हो हो’ म्हणतो आणि विसरतो, त्यामुळे त्या दगडांच्या तोंडाला चुना लावून घ्या, संध्याकाळी मोजता येतात. खिडक्या-दारांच्या वर आणि छताखाली घरभर फिरणारा सळ्यांचा काँक्रीट पट्टा हवा. त्यात काटकसर करू नका.

आता मुलीचं. माझ्या आजोळी आभाळ भरून आलं की पोरांना माळवदावर पिटाळत, सवण्यावर, म्हणजे छतातल्या झरोक्यावर, घमेलं पालथं घालायला. चुलीचा धूर, माजघरातला उजेड, उन्हाळ्यातली गरम हवा, सगळं त्या हातभर भोकातून. ते नव्या घरात जरूर ठेवा. मी बांधलेल्या एका घरात पहिल्यांदा ठेवलं तेव्हा त्याची कड स्लॅबला सपाट केली आणि पहिल्याच वळवाला मालकीणबाईंची ज्वारीची पोती भिजली. दोन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आता मी कड नऊ इंच उचलते, वर काच, खाली लोखंडी जाळी, बाजूनं हवेला फट.

छताला वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेला फिलर स्लॅब बघा. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथे सळ्यांच्या मधल्या चौकटीत मंगलोरी कौलं बसवतात. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, खालून कौलं दिसतात. सळ्यांचा हिशेब मात्र इंजिनिअरकडूनच. वर फुटक्या पांढऱ्या टाइल्स लावल्यात तर चैत्रात फरक कळेल.

ओसरीबद्दल काही सांगत नाही, ती तुम्ही ठेवणारच.

जुने खांब-तुळया हातोडीनं वाजवून बघा. पोकळ वाजलं तर वाळवी. खणखणीत असेल ते लाकूड ओसरीला घ्या. उतरवताना आधी वरची माती खाली घ्या, खांबांना हात शेवटी. ती पांढरी माती शेतात पसरायची की जोत्याच्या भरावात घालायची, ते वडिलांना विचारा.