हनुवटीखालच्या गाठी जाईनात

प्रश्न: डॉक्टर, मी परभणीची, वय 29. भावाच्या लग्नाआधी हनुवटीखालची चरबी कमी व्हावी म्हणून एका पार्लरात इंजेक्शनं घेतली, तेव्हा काहीच झालं नाही पण महिनाभरानं जिथं जिथं टोचलं होतं तिथंच जांभळ्या गाठी उठल्या, आता दोन फुटून पातळ पू यायलाय. ऑगमेंटिन ह्या अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, पसच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) काहीच आलं नाही. आता टीबीच्या गोळ्या चालू करा म्हणायलेत. मला टीबी झालाय का? घरात सगळे घाबरलेत.

उत्तर: ताई, टीबी नसावा, पण टीबीच्या भावकीतला जंतू असायची शक्यता बरीच आहे. तुमच्या पत्रातला 'महिनाभरानं' हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. साधा पू असता तर चार-पाच दिवसांतच ठणका लागला असता. हे मायकोबॅक्टेरियम अॅब्सेसस, किलोनी असले जंतू पाण्यात-मातीत राहतात, क्लोरीनलाही सहजी दाद देत नाहीत, त्यामुळं सुई नवी कोरी असली तरी औषधात साधं पाणी मिसळलं किंवा एकच बाटली दहा जणींना वापरली की झालं. (पार्लरात इंजेक्शन द्यायलाच नको, पण ते आता बोलून काय.)

कल्चर निगेटिव्ह आलं कारण साधं पस कल्चर दोन दिवसांत बंद करतेत आणि ह्यांना वाढायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात किंवा अंबाजोगाई-लातूरच्या मेडिकल कॉलेजात स्किनला दाखवा आणि गाठीची बायोप्सी करून घ्या. तुकड्याचे दोन भाग करायला सांगा, एक फॉर्मलिनमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला), दुसरा सलाईनमध्ये मायकोबॅक्टेरियाच्या कल्चरला. पूर्ण तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की जंतू मरतात मग कल्चर कशाचं करणार, ही चूक लई होते! त्याच नमुन्याचं सीबीनॅटही (टीबीच्या जंतूचे जीन्स शोधायची तपासणी) करा, टीबीचा घोर बराच कमी होईल.

तोवर टीबीच्या गोळ्यांची घाई नको, त्यातलं रिफाम्पिसिन-आयसोनियाझिड अॅब्सेससवर चालत नाही. ह्याला क्लॅरिथ्रोमायसिन, अॅमिकॅसिन अशी दोन-तीन औषधं सोबत द्यावी लागतात, तीही रिपोर्ट बघून आणि बहुतेक 4 ते 6 महिने. अॅमिकॅसिन चालू असताना कानात आवाज आला, ऐकू कमी आलं तर लगेच सांगायचं, किडनीची तपासणीही अधूनमधून होईल. गाठी घरी पिळू नका, मेडिकलवरून स्टिरॉइडचं मलम आणून लावू नका.

आणि त्या दिवशी तुमच्यासोबत अजून कुणी इंजेक्शन घेतलं असलं तर त्यांना फोन करून विचारा, गाठ आलीय का म्हणून.