मालक म्हणतात, ‘फुल टाइम लिहून देतो’

प्रश्न खानापूर तालुक्यातून आला आहे, थोडक्यात असा: ‘मी मेकॅनिकल डिप्लोमा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) सप्टेंबर 2021 ते फेब्रुवारी 2024 कॅड ड्राफ्टिंग केलं. सकाळी नऊ ते एक, आठवड्याला सहा दिवस. मे आणि जून 2023 मध्ये सासूबाईंच्या ऑपरेशनमुळे गेले नाही, त्या दोन महिन्यांचा पगारही नाही. पगार नऊ हजार: सहा बँकेत, तीन रोख, व्हाउचरवर सही घेऊन. आता कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीसाठी (तिथे कायम राहण्याच्या अर्जासाठी) अनुभवाचं पत्र हवंय. मालकांनी “काम केले, वर्तणूक चांगली” असा दोन ओळींचा दाखला दिला. जास्त तपशील मागितला तर म्हणाले, “फुल टाइम लिहून देतो, विषय संपव.” घेऊ का?’

घेऊ नका, ताई. मालकांच्या मनात वाईट काही नाही, पण तो कागद तुम्हाला गोत्यात आणेल. आणि खरं तर तुम्हाला त्याची गरजच नाही.

तासांचा हिशेब बघा. एक्स्प्रेस एन्ट्रीतल्या ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ या कुशल कामगारांच्या गटासाठी जे ‘एक वर्ष’ लागतं ते म्हणजे 1,560 तास, आठवड्याला 30 तासांनी 12 महिने. अर्धवेळही चालतं, आठवड्याला 15 तास असतील तर 24 महिने. काम पगारी हवं, सलग हवं, एकाच व्यवसायातलं आणि गेल्या दहा वर्षांतलं हवं. तुमचे आठवड्याचे 24 तास. सप्टेंबर 2021 ते एप्रिल 2023 मध्ये 86 पुरे आठवडे बसतात, म्हणजे 2,064 तास. सणासुदीच्या सुट्ट्या वजा करा, तरी खंड पडायच्या आधीच तुमचं वर्ष भरून तास उरतात.

दुसरा तुकडा जुलै 2023 ते फेब्रुवारी 2024: 34 आठवडे, 816 तास. दोन्ही मिळून 2,880. दोन वर्षांना 3,120 लागतात, म्हणजे 240 कमी पडतात. कॅलेंडरवर अडीच वर्षं दिसतात आणि त्यांच्या हिशेबात दोनही होत नाहीत, इथेच बहुतेक जण फसतात. बरं, दोन वर्षं दाखवून मिळतं काय? पात्रतेसाठी किमान 67 गुण लागतात त्या तक्त्यात एका वर्षाला 9 आणि दोन-तीन वर्षांना 11. पुढे ज्या गुणांवर क्रमवारी लागते तिथे परदेशातला एक आणि दोन वर्षांचा अनुभव एकाच रकान्यात आहे. दोन गुणांसाठी अख्खी फाइल पणाला लावायची का, तुम्हीच सांगा.

कारण खोटं सापडायला फार काही लागत नाही. तिकडून फाउंड्रीला फोन आला, फोरमननं उचलला आणि सहज बोलून गेला, ‘त्या मॅडम? एक वाजता जायच्या की.’ झालं. चुकीची माहिती दिली म्हणून कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 खाली पाच वर्षं दार बंद.

आता पत्र. ते लेटरहेडवर हवं, त्यावर पत्ता, फोन, ईमेल आणि तुमच्या वरिष्ठाचं नाव, हुद्दा, सही. आत तुमचं पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि कामाचं वर्णन. ‘पार्ट टाइम, आठवड्याला 24 तास’ हे शब्द ठळक येऊ द्या, लपवू नका. मे-जूनची गैरहजेरीही तारखांसह. कामाचं वर्णन कॅनडाच्या व्यवसाय-यादीतून (तुमचा क्रमांक 22212) जसंच्या तसं उतरवू नका. तपासणाऱ्यांनी ती वाक्यं शेकडो पत्रांत वाचलेली असतात. तुम्ही काय करत होता ते लिहा: ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून पॅटर्न (साचा घडवायचा नमुना) आणि कोअर बॉक्सचं (आतल्या पोकळीच्या साच्याचं) ड्रॉइंग, आकुंचनासाठी आणि मशीनिंगसाठी मापात किती सोड (जादा माप) धरली, बदल कुणाकडून तपासून घेतले.

आणि तुमच्या हातात एक पुरावा आहे ज्याचा तुम्ही मला लिहिताना उल्लेखही केला नाही. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातली चौकट. ‘ड्रॉन बाय’समोर तुमची आद्याक्षरं आणि तारीख. अडीच वर्षांतली महिन्याला एक अशी निवडा. पण ड्रॉइंग ग्राहकाचं असतं, ते बाहेर देऊ नका. मालकांच्या लेखी परवानगीनं फक्त तेवढ्या चौकटीची प्रत घ्या.

पगाराचं सांगते. बँक पासबुकात सहा दिसणार आणि पत्रात नऊ, म्हणून व्हाउचरच्या प्रती लागतील. मालक अडतात ते बहुधा इथेच. वीस किंवा जास्त कामगार असले की पीएफ लागू होतो. तुमचं नाव त्यात नसेल तर त्यांना धास्ती वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून कुणी सुचवेल, ‘सहाच लिहू.’ तेही नको. पगाराच्या आकड्याला अनुभवात गुण नाहीत, पण पत्र आणि तुमचा अर्ज एकमेकांना छेद देऊ लागले की सगळंच संशयात येतं.

मालकांनी साफ नकार दिला तर ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या पॅटर्न शॉपच्या प्रमुखांचं प्रतिज्ञापत्र घ्या, त्यांच्या ओळखपत्रासह आणि ते तिथे होते याच्या पुराव्यासह. सोबत पत्र का मिळालं नाही याचा खुलासा तुमच्या सहीनं. मुद्रांक जिथे सही होते त्या राज्याचा: प्रमुख शिनोळीला राहत असतील आणि तिथेच सही करणार असतील तर महाराष्ट्राचा, बेळगावात केली तर कर्नाटकाचा. मागच्या तारखेचा मुद्रांक मिळवून देतो म्हणणारा भेटला तर हात जोडून निघा.

हजेरीपट कन्नडमध्ये आणि व्हाउचरं मुनीमजींच्या मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर लागेल. तुमचे मामा निवृत्त शिक्षक आहेत, ते करून देतात म्हणालात. मामांना नम्रपणे नाही म्हणा. कॅनडाच्या नियमात अर्जदाराच्या मामा-काका-मावशीनं, अगदी चुलत-मामे भावंडांनीही केलेलं भाषांतर चालत नाही. त्रयस्थाकडून करून घ्या. तो प्रमाणित भाषांतरकार नसेल तर नोटरीसमोर त्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. लेटरहेडवर जुनं ‘बेलगाम’ छापलंय आणि पासपोर्टात ‘बेळगावी’ आहे याची काळजी नको. 1 नोव्हेंबर 2014 ला नाव बदललं, एका ओळीच्या खुलाशात भागतं. डिप्लोमावर माहेरचं नाव असेल तर विवाह दाखला लावा.

घरी बसून केलेली फुटकळ ड्रॉइंगची कामं? तास सिद्ध होणार नाहीत, अनुभवात धरू नका. मात्र दहा वर्षांच्या वैयक्तिक इतिहासात ती आणि मे-जूनची सासूबाईंची शुश्रूषा दोन्ही लिहा. तिथे रिकामी जागा ठेवायची नसते.

एजंट ‘ऑस्ट्रेलियाला जा, सोपं आहे’ म्हणेल. तिथे आठवड्याला 20 तासांखालचं काम अनुभवात धरत नाहीत. तुमचे 24 बसतात, पण गुण किमान तीन वर्षांपासून सुरू होतात. आणि कॅनडाचा फॉर्म पैसे घेऊन भरून देणारा माणूस तिथला परवानाधारक वकील किंवा सल्लागार असावा लागतो. मी बेळगावची वकील, माझं काम इथल्या कागदांपुरतं.

पत्राचा मसुदा इंग्रजीत टाइप करून न्या, मालकांना वाचून सही करण्यापुरतंच ठेवा. तेवढं पोअरिंगच्या (वितळलेला धातू ओतायच्या) दिवशी जाऊ नका. भट्टी पेटलेली असताना कुणी कागदाकडे बघत नाही.